लिस्बनचं हिरवं सूप

माझ्या पोटात काय गेलं ते मला तीन आठवड्यांनी कळलं, आणि तेही जिंतूरला, शाळेच्या स्टाफरूममध्ये. मधली सुट्टी होती. डबा उघडून बसले होते. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता आणि त्याखाली हसण्याच्या खुणांची रांग लागली होती. व्हिडिओत मी होते.

तो काढणारी माझी शाळेतली मैत्रीण. परभणीला आम्ही सहा वर्षं एका बाकावर बसलो. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून, घर भर शहरात, गुराढोरांशी संबंध नाही. लग्न होऊन ती जर्मनीला गेली आणि गेली काही वर्षं तिथून खाण्यापिण्याचे व्हिडिओ करते. मराठीतून बोलते, त्यामुळे आपल्याकडचेच लोक जास्त बघतात. मी मराठी शिकवते, जिंतूरला. माझी मुलगी शिकायला जर्मनीत आहे म्हणून मागच्या उन्हाळी सुट्टीत महिनाभर तिच्याकडे गेले होते. मैत्रिणीचा फोन आला, "दोन दिवस काढ. लिस्बनला जाऊ. फक्त खायचं आणि फिरायचं."

आम्ही लिंगायत. घरात मांस-मच्छी नाही, अंडं नाही. गळ्यात इष्टलिंग आहे, सकाळी पूजेआधी मी चहासुद्धा घेत नाही. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. श्रावणात ती आमच्याकडे जेवायला यायची. माझी आई पूजेला बसली की ही उंबऱ्यावर गुपचूप बसून राहायची, कारण मधे बोललेलं आईला चालत नसे. तरी विमानात मी तिला एकदा म्हटलं, "माझं खाण्याचं तुला माहीत आहे ना?"

"अगं, मी आहे ना," ती म्हणाली.

लिस्बन मला आवडलं. हे सांगितलं पाहिजे, कारण नंतर राग त्याचाच जास्त आला. चढ-उताराचं गाव. पांढऱ्या दगडांचे रस्ते, इतके गुळगुळीत की माझ्या चपला घसरायच्या आणि ती माझा दंड धरायची. शनिवारी सकाळी बाजारात गेलो. चेरी घेतल्या, कागदाच्या पुडीत. ऑलिव्हचे दहा प्रकार चाखले, त्यातलं एक लसूण घातलेलं होतं, ते खाऊन मी लोणच्याची आठवण काढली. पिवळ्या कस्टर्डच्या पुऱ्या सगळीकडे होत्या, त्यात अंडं असतं म्हणून तिनं स्वतःच मला अडवलं. त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला.

दुपारी एका छोट्या खानावळीत गेलो. चार टेबलं, भिंतीला निळ्या फरशा. ती म्हणाली, "इथलं हिरवं सूप खा. बटाटा आणि पालेभाजी, दुसरं काही नाही." ती स्वतः काउंटरवर गेली, पाठमोरी थोडा वेळ काहीतरी करत उभी राहिली आणि दोन वाडगे घेऊन आली. सोबत मक्याचा पाव होता. जाड, थोडा कोरडा, आपल्या मक्याच्या भाकरीच्या जवळचा. मी तो सुपात कुस्करला आणि हातानंच खाल्ला. ती समोरून व्हिडिओ काढत होती.

"कसं लागतंय?"

"लय भारी," मी म्हणाले. "आपल्याकडच्या पातळभाजीसारखं. पण काहीतरी वेगळा वास आहे, चुलीवरच्यासारखा."

"अजून घेतेस?"

मी अजून घेतलं. वाडगा पुसून खाल्ला.

स्टाफरूममध्ये मी हे सगळं पुन्हा पाहिलं. व्हिडिओला नाव होतं, 'गावाकडची मैत्रीण युरोपात जेवते तेव्हा'. माझं हातानं कुस्करणं, बोटं चाटणं, 'लय भारी' हे तीनदा लावलेलं. शेवटी ती एकटी पडद्यावर येते, आवाज खाली आणते आणि सांगते, "तिला सांगू नका हं. हे सूप डुकराच्या सॉसेजशिवाय होतच नाही. वरचा तुकडा मी हळूच काढून घेतला. पण चव तर उतरलीच ना." आणि हसते.

मी डबा बंद केला. पुढचा तास नववीवर होता, तो घेतला. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. पूजेला बसले तर लिंग तळहातावर घ्यायला हात पुढे होईना. 

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. ओरडले नाही. म्हटलं, तो व्हिडिओ काढ.

"अगं, इतकं काय मनाला लावून घेतेस? तुकडा मी काढला होता की. गंमत होती."

"तुला माहीत होतं."

"तू तर आवडीनं खाल्लंस. दोनदा घेतलंस." मग म्हणाली, "खूप चाललाय गं तो व्हिडिओ. आता कसा काढू?"

मी म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते तिला कळलं नाही. मला कळलं होतं. लोक सांगतात की राग हळूहळू उतरतो. माझा उतरला नाही, निवला मात्र. निवलेल्या रागानं काम चांगलं होतं. ग्रुपवर मी कुणाला उत्तर दिलं नाही. गौरी-गणपतीत बायकांनी हळूच विचारलं, "खरंच खाल्लं का हो तुम्ही?" मी त्यांना जे झालं ते सांगितलं. दिवाळीला तिनं शुभेच्छा पाठवल्या, मीही पाठवल्या. तिला वाटलं, झालं गेलं.

डिसेंबरमध्ये तिचा फोन आला. परभणीला आईकडे येणार होती आणि तिला मराठवाड्याच्या 'विसरलेल्या चवी' दाखवायच्या होत्या. "तुमच्या शेतावर येऊ का? पण हुरडा नको, तो सगळेच दाखवतात. कुणाला माहीत नसलेलं काहीतरी हवं."

"ये," मी म्हणाले. "आहे माझ्या मनात एक."

आमचं शेत माझ्या थोरल्या जाऊबाई बघतात. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत. मी त्यांना व्हिडिओ दाखवला होता, तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा जास्त पेटलेल्या होत्या. मी त्यांना बेत सांगितला. त्यांनी शंका काढली.

"तिला कळंल की."

"नाही कळणार. आणि तिच्याशी खोटं बोलायचं नाही. एक शब्दही नाही. जे विचारेल ते खरं सांगायचं."

मानवतच्या डाळमिलमधून तुरीची चुनी आणली. म्हणजे डाळ करताना राहिलेली टरफलं आणि बारीक चुरा. मी ती चाळली, निवडली, दोनदा धुतली. गव्हाचा कोंडा घरच्या पिठाचा घेतला. गूळ, मीठ. सरकीची पेंड तेवढी घातली नाही, मैत्रिणीचं पोट बिघडावं असं मला वाटत नव्हतं. सगळं नव्या पातेल्यात शिजवलं. थोडक्यात, म्हशींना दूध काढायच्या वेळी जे आंबोण घालतात तेच, फक्त स्वच्छ. वरून लसणाची फोडणी दिली. ती माझी भर.

ती आली. नऊवारी नेसून आली होती, कपाळाला मोठं कुंकू. तुरीत उभी राहून तिनं बरंच काही बोलून घेतलं. मग चुलीपुढे बसली आणि कॅमेरा लावला.

"हे काय आहे?" तिनं जाऊबाईंना विचारलं.

"तुरीची चुनी हाय. त्यात कोंडा, गूळ, मीठ."

"हे तुम्ही कधी करता?"

"रोज करायलो की. सकाळी अन् संध्याकाळी."

कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही.

"याचा फायदा काय?"

"अंगात ताकद येती. दूध वाढतं."

"म्हणजे बाळंतिणीला पण देतात?"

जाऊबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि सावकाश खाली सोडला. "व्यालेलीला तर द्यावंच लागतं," त्या म्हणाल्या.

मराठी शिकवणाऱ्या बाईला त्या एका शब्दावर हसू दाबणं किती जड गेलं ते माझं मला माहीत. म्हैस व्याली म्हणतात, बाई व्याली कुणी म्हणत नाही. ती मात्र मान डोलवत होती.

मग तिनं वाटी उचलली, घास घेतला, डोळे मिटले. मला वाटलं होतं ती तोंड वाकडं करील, किंवा 'वेगळी चव' वगैरे म्हणेल. माझा बेत तेवढाच होता. पण तिनं डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. ती कॅमेऱ्याला म्हणाली, "माझी आजी करायची हे. तिच्या हातची चव आठवली एकदम. आई अजूनही करते, परभणीला."

जाऊबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. तिला आम्ही खड्डा दाखवला होता. उडी तिनं घेतली, आणि आजीला, आईला हात धरून घेऊन गेली. तिनं अजून एक वाटी मागितली. मी वाढली. वाढताना मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. लिस्बनच्या काउंटरवर पाठमोरी उभी असताना तिलाही असंच वाटलं असेल.

"याला नाव काय?" तिनं निघताना विचारलं.

"नाव तूच दे," मी म्हणाले. तिनं 'चुनवणी' ठेवलं.

जर्मनीला परत गेल्यावर तिनं व्हिडिओ टाकला. सकाळी टाकला आणि शाळा सुटेपर्यंत त्याखाली आमचा सगळा जिल्हा जमा झाला होता. राणीसावरगावच्या एका माणसानं सरळ लिहिलं होतं, 'ताई, हे आंबोण आहे. आम्ही गुरांना घालतो.' दुसऱ्यानं विचारलं, 'तुमची आजी कुठल्या गोठ्यात असायची?' कुणी लिहिलं, 'आमची म्हैस विचारायलीय, फोडणी कशाला?' 'व्यालेली'वर तर स्वतंत्र चर्चा चालू होती. मी एकूण एक वाचलं. काही दोनदा वाचलं. जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवलं.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज बसला होता.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"माझी सात वर्षांची मेहनत आहे यामागं. लोक मला काय काय म्हणताहेत."

"वाचलं मी."

"इतका राग होता तर बोलायचंस ना."

"बोलले होते. तू म्हणालीस, खूप चाललाय, कसा काढू."

 मी पुढे म्हणाले, "मी काय खातेय ते तुला माहीत होतं. तू काय खातेयस ते तुला माहीत नव्हतं, आणि तरी तुला ते आठवलं. त्यात माझा काय दोष?"

तिनं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गेला होता. लिस्बनचाही गेला. मी जाऊबाईंना कळवलं आणि चहा टाकला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मला काहीच खटकलं नसतं. पण चार दिवसांनी परभणीहून एका वर्गमैत्रिणीनं सांगितलं की हिच्या आईला देवळात बायका विचारतात, "काकू, चुनवणी कधी खाऊ घालता?" आणि काकू तशाच निघून जातात. त्या एकट्या राहतात. माझ्या बेतात त्या कुठंच नव्हत्या. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटी धरली आणि परभणीला गेले.

काकूंनी दार उघडलं. "ये माय. कधी आलीस?" पाणी दिलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. मी सुरुवात कशी करावी ते बघत होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला एक सांग. तू लहानपणी आमच्याकडं जेवलीस. ते चुनवणी का काय, ते मी करत होते का गं? मला काही केल्या आठवंना. आठ दिवस झाले, हेच डोक्यात फिरायलंय. माझं डोकं चाललं का काय?"

तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. तिच्यापुढे नव्हती वाटली, पण या बाईपुढे वाटली. मी सगळं सांगितलं. सुपापासून. सॉसेजचं सांगताना त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण माझ्या आईची पूजा, तिचं सोवळं त्यांनी पाहिलं होतं. मग शेताचं सांगितलं, चुनीचं, म्हशींचं.

"म्हंजी मी कधी केलंच न्हाई ते?"

"नाही, काकू."

"मग माझं डोकं ठीक हाय." त्यांनी मोठा श्वास सोडला.  नंतर म्हणाल्या, "वरणफळं करायचे मी तिच्यासाठी. शाळेतून आली की उभ्यानं खायची. अंबाडीची भाजी, कण्या घालून. त्यातलं एकबी नाव तिच्या तोंडी आलं न्हाई. अन् म्हशीचं आंबोण आठवलं."

मी मान खाली घातली. "काकू, तुम्हाला त्रास व्हावा असं मला नव्हतं वाटत."

"तू मला फोन करायचा व्हता, त्या सुपाच्या वेळंला. मी बघितलं असतं तिच्याकडं." त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "खाल्लं का तिनं सगळं?"

"दोन वाट्या."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या, दाराची चौकट धरून, आवाज न करता. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिला सांगू नको, मी हसले म्हणून."

मी सांगितलं नाही. आमचं बोलणंच होत नाही.