सरांना टेबल माहीत होतं

शनिवारी कर्वेनगरच्या ग्राउंडवर आमच्या मुली बास्केटबॉलची मॅच जिंकल्या... आणि तासाभरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुतकी वातावरण!

कारण नुसतं जिंकून भागणार नव्हतं. वाघोलीच्या टीमला निदान आठ गुणांनी हरवलं तरच सेमीफायनल, आणि आम्ही जिंकलो पाच गुणांनी. शेवटची तीन मिनिटं, अकराची आघाडी... आणि कोच गायकवाड सरांनी तीन चांगल्या मुली बाहेर घेऊन तोवर न खेळलेल्या तिघींना आत पाठवलं.

मग ग्रुपवर एकच प्रश्न. सरांना पॉइंट्स टेबल माहीत तरी होतं का? सर पहाटे मार्केट यार्डात भाजीच्या गाळ्यावर काम करतात आणि संध्याकाळी मुलींना शिकवतात. त्यामुळे एका विद्वान बाबांनी लिहिलं, 'सरांना कांद्याचे भाव तोंडपाठ असतील, टेबलाचं कोण बघतो!' त्यावर सतरा हसरे इमोजी आले. मी मोजले.

संध्याकाळी सरांचा मेसेज आला. 'माझ्या लक्षात राहिलं नाही. चूक माझी आहे. मुलींना कृपया काही बोलू नका.' झालं! येत्या रविवारी मीटिंग ठरली... कोच बदलायचा म्हणून.

आता माझं सांगते. मी आयटीत टेस्टिंगला आहे, चुका शोधायची खोड जुनी. टीमचं पॉइंट्स टेबल एक्सेलमध्ये मीच ठेवते आणि मॅचला स्कोअर लिहायलाही मीच बसते. त्या शेवटच्या टाइम-आउटला मी सरांच्या हातात एक चिठ्ठी दिली होती... '८ ने जिंकायचं आहे. आत्ता ११ ची आघाडी.'

सरांनी ती वाचली. माझ्याकडे बघून मान हलवली, चिठ्ठी उलटी केली, मागे तीन जर्सी नंबर लिहिले आणि मला परत दिली. ४, ११, १५. आत जाणाऱ्या मुलींचे.

१५ म्हणजे माझी सानिका.

खरं सांगू? मला आनंद नाही झाला. मनात म्हटलं, नको हो सर, आज नको... सख्ख्या आईने म्हटलं हे! आणि नेमका तिच्याच हातून दोनदा बॉल गेला.

म्हणून ग्रुपवर मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. सर खोटं बोलतायत हे मला कळत होतं. त्या तिघींवर खापर फुटू नये म्हणून बोलतायत, हेही कळत होतं. मला ते सोयीचं होतं, याची आज लाज वाटते.

मंगळवारी सानिका प्रॅक्टिसला जाईना. मला वाटलं, बॉल गेला म्हणून रडतेय. तर म्हणाली, "आई, सरांना माहीत नव्हतं म्हणूनच मला खेळवलं ना? माहीत असतं तर बसवूनच ठेवलं असतं."

मी पर्समधून ती चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने एक बाजू वाचली, उलटी करून दुसरी वाचली, मग पुन्हा पहिली. उठली आणि बूट घालायला लागली.

ती गेल्यावर मी चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे फोटो ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत तेच विद्वान बाबा. 'म्हणजे माहीत असून केलं? हे तर जास्तच वाईट!'

हो. माहीत असून केलं. जूनमध्ये पहिल्या दिवशी सरांनी आपल्याला सांगितलं होतं, माझ्याकडे प्रत्येक मुलगी प्रत्येक मॅच खेळणार, कबूल असेल तर या. तेव्हा टाळ्या वाजवणारे आपणच होतो ना? की सेमीफायनल आली की टाळ्या परत घ्यायच्या असतात?

सरांचा लगेच फोन आला. "मॅडम, कशाला टाकलंत? आता पोरींवर येईल सगळं. काढून टाका." आयुष्यात पहिल्यांदा सरांचं ऐकलं नाही. उलट इथे, ग्रुपबाहेर, सगळ्यांसमोर पुन्हा लिहितेय.

रविवारी मी मीटिंगला जाणार आहे आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. कोच बदलायचा असेल तर खुशाल बदला... पण त्यांना टेबल कळत नाही, हे कारण चालणार नाही. दुसरं कारण शोधा आणि ते त्या तिघींच्या तोंडावर सांगा.

कोणीतरी मला पुरावा म्हणून मूळ चिठ्ठी आणायला सांगितलंय. मिळणार नाही. ती सानिकाच्या कंपासपेटीत आहे, नंबरांची बाजू वर करून ठेवलेली... आणि सर, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.