बंद दारामागचे श्पेत्सले

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझी बायको रोझविथा दारातल्या बर्फावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. पायऱ्यांवरचा बर्फ काढायची त्या आठवड्याची पाळी माझी होती. मी आत स्टोव्हजवळ बसून, यंदा बर्फावरून पडणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या वाढली आहे, ही बातमी वाचत होतो.

सहा आठवड्यांसाठी प्लास्टर घातलं. आणि त्याच रविवारी तिची धाकटी बहीण हेडविग जेवायला यायची होती. आमच्या या आल्बच्या पठारावर रविवार म्हणजे भाजलेलं मांस, दाट रस्सा आणि श्पेत्सले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या जाडसर, मऊ शेवया. त्यात कुणी काही बदलत नाही. रोझविथा ते फळीवर करते. अंड्याचं सैलसर पीठ ओल्या फळीच्या कडेला पसरायचं आणि सुरीनं त्याच्या बारीक पट्ट्या खरवडून थेट उकळत्या पाण्यात सोडायच्या.

"हेडविगला सांगते, या वेळी बाहेरच जेवू," ती म्हणाली.

"कशाला? मी आहे ना. मी करतो."

"तू?"

आता तिचा तो 'तू' ऐकूनच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वजनकाट्यांच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं काढलेला माणूस. केसाचंही वजन दाखवणारे काटे जोडलेत मी. शिवाय अडतीस वर्षं दर रविवारी तिचे श्पेत्सले खाऊन 'आज जरा जाड झालेत', 'आज मीठ पुढं गेलं' असं सांगत आलो होतो. इतकी वर्षं चुका काढल्यावर माणसाला ती गोष्ट येतेच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शनिवारी ती केस कापायला गेली तेव्हा मी रंगीत तालीम घेतली. अंडी एकेक करून तोलली, सरासरी काढली, त्याप्रमाणे पीठ घेतलं. सगळं ग्रॅमला ग्रॅम बरोबर. पहिला घाणा फळीवरून एकसंध चादरीसारखा घसरला आणि पातेल्यात त्याचा झोपलेल्या मांजराएवढा गोळा झाला. मग पीठ वाढवलं, तर सुरी फळीला चिकटून बसली. ती ओढताना फळीच पातेल्यात गेली आणि पाणी जमिनीवर. गोळा मी बागेत खताच्या खड्ड्यात पुरला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, म्हणून तसाच सुपरमार्केटात गेलो, तयार श्पेत्सल्यांची दोन पाकिटं उचलली आणि पिशवीत कोबीखाली दडवली.

रविवारी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"दार कशाला लावतोस?" बाहेरून रोझविथाचा आवाज.

"वाफ बाहेर जाते."

पाकिटं पाण्यात रिकामी केली. पण बाहेर दोघी बहिणी कान टवकारून बसलेल्या, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कोरडी फळी हातात घेतली आणि तिच्यावर नुसती सुरी घासत राहिलो. खर्र, खर्र, खर्र. चांगली दहा मिनिटं. घामानं शर्ट पाठीला चिकटला. सत्तरीला आलेला माणूस, अंगात बायकोचा एप्रन, समोर रिकामी फळी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट हात छान बसलाय असंच वाटत होतं.

टेबलावर हेडविगनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "वा, ओटमार. छान जमलेत की."

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी मनगट कसं सैल ठेवायचं, सुरी कशी तिरकी धरायची, यावर बोलायला लागलो. रोझविथानं डाव्या हातानं काट्यावर तीन श्पेत्सले घेतले आणि ताटाच्या कडेला एकाशेजारी एक मांडले.

"ओटमार, हे तिळे आहेत."

"सुरी धारदार होती."

"हाताचे श्पेत्सले चुलतभावंडांसारखे असतात. नाक सारखं, पण उंची वेगळी. हे यंत्राचे आहेत."

"निळ्या पाकिटातले," हेडविग सहज बोलून गेली. "पिवळ्यातले जरा आखूड येतात."

रोझविथानं काटा खाली ठेवला आणि हळूच मान बहिणीकडे वळवली.

"तुला गं कसं माहीत?"

हेडविगचे गाल लाल झाले. फळीवर तिचा हात कधी बसलाच नव्हता. आई गेल्यापासून, म्हणजे एकवीस वर्षं, ती पाकिटंच आणत होती, आणि कुणी पाहुणा आला की त्यात दोन-चार सुरीनं वेडेवाकडे कापून टाकत होती. ही युक्ती मला सुचली नाही, याचं मला त्या क्षणीही वाईट वाटलं.

जेवण तसंच अर्धं टाकून रोझविथानं आम्हा दोघांना स्वयंपाकघरात उभं केलं. स्वतः प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

"वजनकाटा आत ठेव. पीठ फेट. बुडबुडे येईपर्यंत फेट. ओटमार, तू ढवळतोयस, मी फेट म्हटलं. हेडविग, आधी फळी गरम पाण्यात बुडव, मग पीठ."

पाच मिनिटांत माझा खांदा भरून आला. फेटता फेटता पहिल्यांदा लक्षात आलं, की हे काम मी कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी टेबलाशी, हातात काटा घेऊन. हे तिला सांगावंसं वाटलं, पण तेवढ्यात ती म्हणाली, "थांबू नकोस," आणि ते राहूनच गेलं.

पहिले श्पेत्सले अंगठ्याएवढे जाड पडले, पुढचे पाण्यात विरघळले. तिसऱ्या घाण्यातले निदान तरंगून वर आले. हेडविगनं झाऱ्यानं ते काढले आणि तिघांनी गार रश्श्याबरोबर उभ्या उभ्याच खाल्ले.

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं. रोझविथानं एकदा फळी हातात घेऊन पाहिली, पण मनगट दुखायला लागलं तशी सुरी माझ्याकडे दिली. तेव्हापासून मी खरवडतो, ती रस्सा बघते आणि सूचना देते. बर्फही आता मीच काढतो, न सांगता. गेल्या रविवारी एक श्पेत्सला बुटाच्या नाडीएवढा लांब निघाला. हेडविगनं आणि मी तो वाटून घेतला.