यशोधरेनं बंद केलेलं पान

राहात्याजवळच्या एका साखर कारखान्यात यशोधरा कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. नव्याण्णवच्या गळीत हंगामात तिनं एक वेबपान केलं. वजनकाट्याच्या खिडकीवरच्या कारकुनानं शेतकऱ्याचं नाव टाकलं, की उसाचं वजन पडद्यावर. वजनांची फाईल कुणी बदलू नये म्हणून ती तिनं फक्त ‘रूट’ला, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी मालकाला, उघडी ठेवली होती. मग पानालाही ती वाचता येईना. तेव्हा पानामागच्या स्क्रिप्टलाच, म्हणजे पान चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाच, तिनं रूटचा अधिकार देऊन टाकला. पान चालू झालं. तिचे वडील वस्तीभर सांगत फिरले.

एके दुपारी खिडकीवरच्या गोरक्षनाथचा फोन आला.

“म्याडम, तुमचं पान इंग्रजीत शिव्या देतंय.”

ती गेली. गावात सोपान नावाचे तिघे. म्हणून गोरक्षनाथनं हाताच्या सवयीनं नाव, मग अर्धविराम, मग मळ्याचं नाव टाकलं होतं. पडद्यावर आलं होतं : मळ्याच्या नावाचा हुकूम सापडला नाही.

हुकूम?

चिन्हाच्या पुढचं सगळं सर्व्हर हुकूम समजून पाळायला निघाला होता. तिनं मळ्याच्या जागी ‘तू कोण आहेस’ असं विचारणारा हुकूम टाईप केला. उत्तर आलं : root.

नावाच्या ह्याच चौकटीत कुणी फाईल पुसायला सांगितली असती, तर हंगामभराची वजनं गेली असती. कुलूप तिनंच लावलं होतं, आणि किल्ली खिडकीत ठेवली होती.

“पान बंद करते.”

“आत्ता? भाईर रांग हाय! सायेब मला खातील.”

“मला खातील. तुम्ही रांग सांभाळा.”

रांगेतल्या भागिरथीबाईंनी खिडकीत डोकं घातलं. “पोरी, माज्या उसाचं वजन हाय ना त्येच्यात?”

“बघून सांगते, मावशी,” यशोधरा म्हणाली. ती धावत सर्व्हरपाशी गेली. स्क्रिप्टचा रूटचा अधिकार काढून घेतला, तसं पान बंद पडलं. वजनांची फाईल नुसती वाचू शकणारा वेगळा वापरकर्ता स्क्रिप्टसाठी केल्याशिवाय, आणि नावात अक्षरं-आकड्यांखेरीज काही आलं तर स्क्रिप्ट ते परत फेकेल असं केल्याशिवाय पान उघडायचं नव्हतं. मग फाईल उघडून काट्याच्या पावत्यांशी ताडून पाहिली. सगळी वजनं जागेवर होती.

ती परत खिडकीशी आली.

“आहे, मावशी.”

“हाय ना? मंग अशी पांढरीफटक का पडलीस?”