बार्सिलोनाचे तीन दिवस

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. उजवा हात जॅकेटच्या खिशात, डाव्या हातात मोबाइल आणि त्यावर बार्सिलोना. तीन दिवसांचा बेत पक्का होता. आधी चर्च, मग समुद्र, दुपारी कोळंबीचा भात.

एकदा मी चिडवलं, "कोळंबी खायला एवढ्या लांब? अलिबाग काय वाईट आहे, राव?"

त्यानं उजवा हात बाहेर काढला. चार बोटं प्रेस मशीननं नेली होती.

"तिथं सगळेच डाव्या हातात काटा धरून जेवतात, भाऊ. इथं पंगतीत मी डावा हात ताटात घातला, की शेजारचा सरकून बसतो."

दुपारी कॅन्टीनमध्ये तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता. मी मुद्दाम शेजारी जाऊन बसलो. त्यानं हात ताटातून काढून घेतला आणि मी उठेपर्यंत पुन्हा घातला नाही.