व्हिएन्ना ते प्राग, एल्बोसकट

समस्त कुवेतवासी मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, व्हिएन्ना आणि प्राग या शहरांमध्ये एक नव्हे, दोन अंतरं आहेत: हवेतून अडीचशे किलोमीटर, रस्त्याने सव्वातीनशेच्या वर. हा शोध आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा. पृथ्वी गोल आहे हे त्यांना मान्य आहे. तिच्यावर रस्ते टाकताना आपल्याला विचारलं नाही, एवढीच त्यांची तक्रार.

गृहस्थ मूळचे नाशिकचे, इथल्या मीना अब्दुल्ला या गावच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, म्हणजे रिफायनरीत, पाइपिंगमध्ये. पाइप कधी सरळ जात नाही. तो वळतो तिथे एल्बो नावाचा बाकदार तुकडा बसतो, आणि जो एल्बो मोजत नाही तो माणूसच नव्हे, ही त्यांची धर्मश्रद्धा. त्यामुळे त्यांना साधं काही विचारायची सोय नाही. इमारतीत नव्याने आलेल्या एका डॉक्टरांनी विचारलं, जवळचं किराणा दुकान कुठे? दुकान समोरच होतं, हायवेपलीकडे. पाटीसुद्धा दिसत होती. "हवेतून ऐंशी मीटर," हे म्हणाले, "रस्त्याने पावणेतीन किलोमीटर, यू-टर्नसकट. तुम्ही कसे जाणार?" डॉक्टरांनी त्या दिवशी बिनदुधाचा चहा घेतला. गणपतीला प्रदक्षिणा घालतानाही हे पुटपुटत असतात. लोकांना वाटतं, स्तोत्र.

तर व्हिएन्ना-प्राग. यांची एकुलती एक लेक प्रागला असते. तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. हे गेले नाहीत, आणि तेव्हापासून तिच्याशी अबोला. दोन वर्षं झाली. वहिनींनी "जाऊ या" म्हटलं की हे नकाशा उघडतात. व्हिएन्नापर्यंत विमान, इथवर एकमत. पुढे विमान की गाडी? "हवेतलं अंतर ड्रॉइंगवरचं. साइटवर एल्बो लागतात. हे ठरल्याशिवाय तिकीट नाही." ते ठरत नव्हतं. ठरू नये याची काळजी हे जातीने घेत.

गेल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. वहिनी तिच्याशी दोन शब्द बोलल्या आणि कुणाला न विचारता फोन स्पीकरवर टाकून यांच्या ताटाशेजारी ठेवून आमटी वाढायला लागल्या.

"बाबा, आर यू कमिंग ऑर नॉट?"

यांनी भात कालवता कालवता घसा खाकरला. दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "हे बघ, हवेतून अडीचशे, रस्त्याने..."

"दॅट्स व्हिएन्ना टू प्राग, बाबा." मग ती मराठीत म्हणाली, "तुमच्यापासून माझ्यापर्यंत किती?"

वहिनींचा आमटीचा डाव हवेतच थांबला. यांनी बोटाने ताटात आमटीची एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. मग तशाच खरकट्या हाताने फोन उचलून कानाला लावला. स्पीकर चालूच आहे, हे ते विसरले होते.

"थांब," ते म्हणाले, "येऊन सांगतो."