साठावरचा काटा

आमच्या साडूंनी एक गाडी घ्यायला जेवढा विचार केला, तेवढ्या वेळात लोकांनी पोरींची लग्नं लावली, नातवंडं खेळवली आणि काशीही करून आले. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्स शिकवतात. घर मात्र नांदेडला, कारण आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, नांदेडात शिक्षिका होत्या. मधे एकशे चाळीस किलोमीटर. दाजी सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे, आठवडाभर लातूरला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी धुण्याची पिशवी घेऊन परत यायचे. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तशा आक्का पाच दिवस अगदी एकट्या पडल्या. एका रविवारी माझ्यादेखतच त्या म्हणाल्या, "पोरगी होती तवर ठीक होतं वो. आता सांजच्याला एकटीनं ताटावर बसवत न्हाई. एक गाडी घ्या अन् रोज घरी येत जावा. मला दुसरं काई नको." दाजी म्हणाले, "हाव. घेऊ की." या "घेऊ की"ला पुढं सहा वर्षं लागली.

एवढं सोपं होतं, जाऊन घ्यायची एक गाडी! पण फिजिक्सचा माणूस. रोज जाऊन-येऊन दोनशे ऐंशी किलोमीटर म्हणजे डिझेलच पाहिजे, आणि डिझेल म्हणजे ॲव्हरेज देणारंच पाहिजे, इथपर्यंत मलाही पटलं. पण दाजींचा कुणावर विश्वास नव्हता. कंपनी सांगते ते खोटं, शोरूमवाला सांगतो ते महाखोटं, खरं फक्त चालवणाऱ्याच्या तोंडून. मग दिसेल त्या गाडीवाल्याला गाठून एकच प्रश्न, "किती देती?" पंपावर, टपरीवर, अहमदपूरच्या धाब्यावर, माहूरच्या गडावर देवीच्या रांगेत! नवरदेवाच्या गाडीला फुलं लावत असताना ड्रायव्हरच्या खिडकीत मुंडकं घालून हे विचारणार, "किती देती?" उत्तर आलं की खिशातून एक शंभर पानी वही निघायची आणि त्यात गाडी, रस्ता, माणसं किती, एसी चालू का बंद, असं सगळं बारीक अक्षरात उतरायचं. समोरचा "बावीस देती" म्हणाला तर दाजी शांतपणे अठरा लिहायचे. "मान्सं गाडीच्या ॲव्हरेजबद्दल अन् पोराच्या मार्काबद्दल चार वाढवूनच सांगतेत, साडूभाऊ," हे त्यांचं लाडकं मत.

या प्रश्नानं एकदा तर हद्दच केली. आमचे सासरे वारले, म्हणजे त्यांचेही सासरेच. अंगण माणसांनी भरलेलं, बायकांचा आक्रोश चाललेला, आणि खांदेकरी शोधत मी दारात येतो तर दाजी शववाहिनीच्या ड्रायव्हरशी बोलत उभे. "रिकामी किती देती, अन् भरलेली किती?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हर बिचारा डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "सर, आमाला हळूच न्यावं लागतंय, चांगली देती." हे "हळूच" दाजींनी वहीत अधोरेखित केलं. मागं आक्का उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. बापासाठी रडत होत्या का नवऱ्यासाठी, देव जाणे.

शोरूमवाले तर दाजींना पाहिलं की मागच्या दारानं चहाला जायचे. कारण दाजींची चाचणी म्हणजे नुसती चक्कर नव्हे, टाकी फुल टू फुल. आधी गळ्यापर्यंत डिझेल भरायचं, शंभर किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरायचं, आणि जेवढं मावलं तेवढं पिलं असं धरायचं. पण टाकीत हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर आल्याशिवाय टाकी खरी भरत नाही. म्हणून भरताना गाडी हलवायची. ही हलवण्याची सेवा माझ्याकडं. माझं नांदेडात चष्म्याचं दुकान आहे, चार लोक मला ओळखतात, आणि मी भर चौकातल्या पंपावर पन्नाशीच्या दुसऱ्या एका इसमाबरोबर एका मोटारीला पाळण्यासारखे झोके देतोय! "अजून हलवा, साडूभाऊ, अजून एक बुडबुडा हाय." गिऱ्हाईकं बघायची. एका बाईनं तर विचारलं, "भाऊ, गाडीत कुणी चक्कर येऊन पडलंय का?"

वर्षं अशी झोके देण्यात गेली. शेवटी एक गाडी पसंत पडली, तर कंपनीनं तिचं डिझेल इंजिनच बंद केलं. दुसरी पसंत केली, तीही बंद. तिसरीची वही भरत आली तोवर छोट्या गाड्यांतनं डिझेल जवळजवळ हद्दपार झालं. लोक म्हणायचे, "सर, सीएनजी घ्या," तर दाजी असं बघायचे की जणू कुणी त्यांना घरजावई व्हायला सांगितलंय. आणि इकडं आक्कांना शुगर निघाली. आधी गोळ्या, मग संध्याकाळी पोटात इन्सुलिनची सुई. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, सुई घेतली की अर्ध्या तासाच्या आत ताटावर बसायचं, उशीर झाला तर साखर एकदम उतरते. आक्का सातला सुई घ्यायच्या, साडेसातच्या आत भाकरी खायच्या. एकट्याच.

सहाव्या वर्षी मुखेडच्या एका डॉक्टरची जुनी, राखाडी, डिझेल गाडी दाजींनी घेतली. त्या गाडीला मी अकरा वेळा झोके दिले होते, तेव्हा तिच्याबद्दल मला आपुलकी आहे. आक्कांनी तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं वरातीमागून घोडं." पण चेहरा फुललेला होता. त्या दिवशी मी त्यांना कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसताना ऐकलं. आता रोज दाजी घरी येणार, सातला दारात गाडी, गरम भाकरी, दोघं समोरासमोर. असं आपलं आम्हा भोळ्या लोकांना वाटलं!

दाजींनी पहिल्याच आठवड्यात शोध लावला की ही गाडी सर्वात जास्त ॲव्हरेज साठाच्या स्पीडला देते. मग काटा साठाच्या पुढं जाऊ देतील ते दाजी कसले? चौपदरी मोकळा रस्ता, मागून ट्रक भोंगे वाजवतायत, आणि हे साठावर. एसी बंद, कारण एसी डिझेल पितो. काचाही बंद, कारण आत वारं घुसलं की गाडी अडते. एप्रिलात मी त्यांच्याबरोबर एकदा लातूरहून आलो, तर चाकूर येईपर्यंत माझा शर्ट पिळून घेण्याजोगा झाला होता. कॉलेज पाचला सुटायचं. जरा रेटली असती तर गाडी सातला घरी. पण साठानं लोहा गाठायलाच सव्वासात, पुढं नांदेडची गर्दी, मग पंपावर टाकी गळ्यापर्यंत, मग वहीत आकडा, की झाले सव्वाआठ. तोवर आक्का जेवून, यांचं ताट झाकून बसलेल्या असायच्या. सहा वर्षं जिची वाट पाहिली ती गाडी दारात आली, आणि दोघं जेवायची ती वेगवेगळीच. मी एकदा चिडून म्हणालोसुद्धा, "दाजी, गाडी कशासाठी घेतली तुम्ही?" तर म्हणाले, "रोज येतो की घरी! अन् सव्वीस देती, साडूभाऊ, सव्वीस! ह्या रोडवर कुणालाच देत न्हाई." आता या माणसाला मारावं का पापा घ्यावा!

त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्या दिवशी कामानं मी लातूरला गेलो होतो, येताना त्यांच्याच गाडीत बसलो. लोह्याजवळ आक्कांचा फोन आला. दाजींनी स्पीकरवर घेतला. "कुटवर आलाव?" "लोह्यात हाव बग. अर्ध्या तासात टेकलोच." आक्का म्हणाल्या, "मी आज सुई घेतली न्हाई अजून. म्हणलं, आजच्या दिवस संगंच बसावं. पुरणपोळी केलीय. घेऊ का मग आता?" "घे, घे. आलोच." फोन बंद झाला. मी काट्याकडं पाहिलं. साठ. मी बोललो नाही. उसाची ट्रॉली पुढं आली, तिला ओलांडलं तर ॲव्हरेज पडतं म्हणून तिच्यामागं चाळीसनं चाललो. मी तेव्हाही बोललो नाही. आणि नांदेडात शिरल्यावर पंप आला, दाजींनी सवयीनं गाडी आत घेतली, आणि मी, सगळं ऐकलेला, सगळं ठाऊक असलेला शहाणा माणूस, सवयीनं खाली उतरलो आणि गाडी हलवू लागलो. वहीत आकडा पडला सत्तावीस पूर्णांक चार. आजवरचा उच्चांक. दाजींनी माझी पाठ थोपटली.

घराचं दार लोटलेलं होतं. आत पाटरांगोळी, दोन ताटं वाढलेली, आणि दोन ताटांच्या मधे आक्का आडव्या. अंग घामानं थबथबलेलं, डोळे उघडे, पण ओळख नाही. दाजींनी साखरेचा डबा उलटा केला, मूठभर साखर त्यांच्या ओठात, हिरड्यांना चोळत सुटले, "आगं खा, आगं खा की," एवढंच म्हणत. दवाखान्यात नेलं तेव्हा ती गाडी कशी धावली ते मी पाहिलंय. काटा कुठं होता ते दाजींनीही पाहिलं नसेल. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. दहा मिनिटं! आम्ही दोघांनी ती पंपावर बुडबुडे काढण्यात घालवली होती. दाजी बाकावर बसून राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी, एकमेकांकडं न बघता.

आक्का तिसऱ्या दिवशी घरी आल्या. नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत, मलाही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दाजींची वही त्या दिवसापासून कुणाला दिसली नाही. पाचला कॉलेज सुटलं की गाडी जी निघायची ती सातच्या आत दारात. एसी चालू, काटा नव्वदावर, ट्रॉल्या मागं. एकदा आम्ही दोघं नवरा-बायको अवचित गेलो तर हे दोघं समोरासमोर बसलेले, भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. आक्कांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "का वो, आता किती देती तुमची गाडी?" जन्मात पहिल्यांदा विचारलं त्यांनी! दाजी म्हणाले, "कुणाला ठाऊक. ध्यान न्हाई." आक्का खाली मान घालून हसल्या, आणि त्यांनी दाजींच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

पण शुगरनं मूत्रपिंडं आधीच पोखरून ठेवली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी आक्का गेल्या. अंगणात तशीच माणसं, तसाच आक्रोश, आणि दाराशी तीच शववाहिनी, तोच टोपीवाला ड्रायव्हर. मी धास्तावून दाजींकडं पाहिलं. ते ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले आणि समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिले. गाडी हळूच निघाली. मला वाटलं, विचारावं यांनी. एकदाच विचारावं, लोक हसू देत. पण स्मशान येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

नंतर लेक म्हणाली, "बाबा, आता लातूरलाच खोली घ्या, कशाला रोजची ओढाताण?" दाजी ऐकत नाहीत. अजूनही रोज येतात, सातच्या आत. परवा मी त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून आपणच विषय काढला, "काय दाजी, किती देती गाडी सध्या?" दाजी म्हणाले, "साडूभाऊ, वही मी बंद केली ते लई चुकलं बगा. तवापासून ती जाईपर्यंत आमी किती सांजा संगं जेवलो, ते कुटंच लिहिलेलं न्हाई. आठवून पाहतो, तर कधी शंभर वाटतेत, कधी चाळीसबी न्हाई. तुमाला काई अंदाज हाय का?"

मला अंदाज नव्हता. असता तरी मी चार वाढवूनच सांगितला असता. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी होते. दाजी उठले, आत गेले, आणि दोन ताटं घेऊन आले. "बसा," म्हणाले, "गार व्हायलंय." मी घरून जेवून आलो होतो. मुकाट्यानं बसलो आणि भाकरी मोडली.