पहिलं नाव माझ्या स्क्रिप्टने गाळलं

मंडळी, आज सकाळी याच ग्रुपवर मी सोनाळ्याच्या वत्सलाताईंना खोटं पाडलं. चूक माझी होती.

मलकापूरला भाजी नेणाऱ्या टेम्पोची यादी मी करतो. ज्याचा फोन आधी, त्याचं नाव वर. ड्रायव्हरला यादी मोबाइलवर दिसावी म्हणून एक्सेलचा जुना मॅक्रो काल गूगल शीटच्या स्क्रिप्टमध्ये लिहून काढला.

आज टेम्पो ताईंकडे थांबलाच नाही. सांभाराच्या हिरव्यागार जुड्या बांधावरच सुकल्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, पह्यला फोन तं माहाच होता ना?" मोबाइलवरच्या यादीत त्यांचं नाव दिसेना, म्हणून मी सगळ्यांसमोर लिहिलं, "ताई, तुम्ही फोन करायला विसरल्या असाल." त्यावर चौघांनी हसण्याचे इमोजी टाकले.

दुपारी कोड उघडला. जुना मॅक्रो ओळी एकपासून मोजायचा, नवी स्क्रिप्ट शून्यापासून मोजते. मी सुरुवातीचा आकडा एकच ठेवला, म्हणून पहिलं नाव गळलं. काल घाईत मी फक्त शेवटची नावं तपासली होती.

लाजत फोन केला, माफी मागितली. ताई म्हणाल्या, "मले एकटीले काऊन सांगता? खोटी तं ग्रुपवर ठरवली!"

म्हणून इथे लिहितोय. हसलेल्या चौघांनो, ते इमोजी तिथून काढून माझ्या या पोस्टवर टाकाल का?